फायनल निबंध, टॉलस्टॉय आणि आजीचे पाय

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'अं…' आणि मध्येच वाजलेली शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी काढून टाकलीय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

गेले दोन-तीन महिने तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. "ताई, इंजिनिअरिंग केलं, आता साहित्याचा कोर्स घेतलाय, आणि शेवटी तो मोठा अ‍ॅनालिटिकल निबंध लिहायचाय. सुरुवात कुठून करू?" तर आज तेच. मी बीटेक कॉम्प्युटर, दिवसा हिंजवडीत कोड लिहिते. गेल्या वर्षी संध्याकाळचा ऑनलाइन वर्ल्ड लिटरेचरचा कोर्स केला. फायनल निबंध अडीच हजार शब्दांचा, चाळीस टक्के मार्क त्यालाच. माझा पहिला ड्राफ्ट परत आला, आणि वर एकच ओळ लिहिलेली होती: "गोष्ट मलाही माहीत आहे. तुमचं म्हणणं काय आहे?"

खरं सांगू? दोन दिवस डोक्यात राग होता. मग कळलं की बाईंचं बरोबर आहे.

आधी, हे 'वर्ल्ड लिटरेचर' म्हणजे काय

जगातली सगळी पुस्तकं, असं नाही. जर्मन कवी ग्यॉटे १८२७ च्या जानेवारीत एक चिनी कादंबरी वाचत होता. तेव्हा तो त्याच्या सेक्रेटरीला, एकरमानला, म्हणाला की आता एकेका देशाच्या साहित्यापुरतं बघून भागणार नाही, विश्वसाहित्याचा काळ येतोय. पुढे २००३ मध्ये डेव्हिड डॅमरॉश या अभ्यासकानं एक कामाची व्याख्या दिली. जे पुस्तक स्वतःच्या मुलखाबाहेर पडून, अनुवादातून किंवा मूळ भाषेतच, दुसरीकडे वाचलं जातं ते विश्वसाहित्य. म्हणजे पुस्तकाचा प्रवास महत्त्वाचा.

निबंधासाठी याचा अर्थ सरळ आहे. तुम्ही बहुधा अनुवाद वाचताय, आणि दुसऱ्या काळातलं, दुसऱ्या समाजातलं वाचताय. या दोन गोष्टी विसरलात की निबंध घसरतो. त्यावर पुढे येतेच.

मी काय निवडलं

लिओ टॉलस्टॉयची 'द डेथ ऑफ इव्हान इलिच', १८८६ मध्ये आलेली. निवडण्याचं कारण अगदी थोर वगैरे नव्हतं. छोटी आहे, बारा प्रकरणं, कंपनीच्या बसमध्ये वाचून होते.

गोष्ट थोडक्यात. इव्हान इलिच न्यायाधीश, पंचेचाळिशीचा. चांगली नोकरी, चांगलं घर. नव्या घरात पडदे कसे हवेत ते दाखवताना शिडीवरून पाय सटकतो आणि कुशीला मार बसतो. साधाच मार. मग दुखणं सुरू होतं, वाढतं, डॉक्टर बदलतात. घरातले सगळे असं वागतात की हा फक्त आजारी आहे, औषध घेतलं की बरा होईल. मरणाचं नाव कुणी काढत नाही. या सगळ्यात एकच माणूस खोटं वागत नाही, तो म्हणजे गेरासिम, घरातला तरुण शेतकरी नोकर. तो त्याची घाण काढतो, आणि रात्र रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण पाय वर असले की इव्हानला बरं वाटतं.

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच होतं. फक्त अठराशे शब्दांत.

पायरी एक: निरीक्षण वेगळं, दावा वेगळा

हे मला कोडच्या भाषेत समजलं. लॉगमध्ये 'रात्री दोन वाजता सर्व्हर पडला' असं दिसतं, हे निरीक्षण. 'बॅकअपचा जॉब आणि रिपोर्टचा जॉब एकाच वेळी चालतात म्हणून पडला', हा दावा. दाव्यावर कुणीतरी "नाही, मला नाही वाटत" असं म्हणू शकतं, आणि तुम्हाला पुरावा दाखवावा लागतो. कुणी वादच घालू शकत नसेल तर तो दावा नाही.

'गेरासिम दयाळू आहे.' यावर कोण वाद घालणार? हे निरीक्षणसुद्धा धड नाही, हे सर्टिफिकेट झालं.

मी वहीत तीन रकाने केले. पहिल्यात पुस्तकात काय घडतं, प्रकरणाच्या नंबरासकट. दुसऱ्यात ते विचित्र का वाटलं. तिसऱ्यात 'म्हणून काय?' तिसरा रकाना बरेच दिवस रिकामा राहतो. राहू द्या. दुसरा भरला की तिसरा हळूहळू भरतो.

पायरी दोन: मोजणं म्हणजे विश्लेषण नव्हे

आता माझा गाढवपणा ऐका. मी इंजिनिअर, म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि प्रत्येक प्रकरणातले शब्द मोजले. ग्राफ काढला. मस्त दिसत होतं. सुरुवातीची प्रकरणं मोठी, शेवटची अगदी छोटी. काळही तसाच आक्रसतो. पहिल्या चार प्रकरणांत चाळीसहून जास्त वर्षं, मधल्या चारांत काही महिने, शेवटच्या चारांत जेमतेम काही आठवडे. बाराव्या प्रकरणात तर शेवटचे तीन दिवसच उरतात.

हे खरंच आहे आणि कामाचंही आहे. पण मी ग्राफ निबंधात चिकटवला आणि पुढे निघाले. 'म्हणून काय?' हे लिहिलंच नाही. उत्तर काहीतरी असं होतं: करिअर, बदल्या, घर यांना कितीतरी वर्षं लागतात, पण गोष्ट त्यावरून झपझप जाते. मरणारा माणूस मात्र एकेका तासाला मोजला जातो. म्हणजे वाचकही हळूहळू त्या खोलीत कोंडला जातो, तिथून बाहेर जायची सोय राहत नाही. इतकं लिहिलं की ग्राफचं काम झालं. मग ग्राफ काढून टाकला तरी चालतं, आणि मी काढला.

पायरी तीन: प्रश्न कुठून येतो

इथं जरा घरचं सांगते.

निबंध परत आला त्याच महिन्यात सांगलीला माझी आजी पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती अंथरुणातून उठलीच नाही. वय एक्याऐंशी. आई-बाबा दिवसा बघायचे, रात्रीसाठी एक मावशी ठेवल्या. मी पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करायचे. आणि रोज काय म्हणायचे? "आजी, दिवाळीपर्यंत तू चालायला लागशील बघ, आपण दोघी गणपतीच्या देवळात जाऊ." बाबा म्हणायचे, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं होतं. आजी ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

एका शनिवारी घरी गेले. रात्री पाणी प्यायला उठले तर मावशी आजीचे पाय चेपत होत्या आणि दोघी हळू आवाजात बोलत होत्या. आजी विचारत होती, "आता उठणं व्हायचं का गं माझं?" मावशी म्हणाल्या, "नाही वाटत आजी. पण कूस बदलून देते, पाठ लागणार नाही." आजी रडली वगैरे नाही. म्हणाली, "बरं. जरा डावा पाय दाब."

सकाळी चहा करताना मी मावशींना विचारलं, "तुम्ही इतकं सगळं कसं करता हो?" मला कुठंतरी अपेक्षा होती की त्या सेवा, पुण्य असं काहीतरी म्हणतील. त्या हसल्या. "पगार घेते की ताई. फुकट थोडीच करते?" मग म्हणाल्या, "आणि त्यांना उगाच खोटं कशाला सांगायचं? रात्रभर जवळ मीच असते. दोन वाजता त्या विचारतात तेव्हा काय उत्तर देऊ?"

तुम्ही सगळे फोन ठेवून झोपता, हे त्या बोलल्या नाहीत. पण मला ऐकू आलं.

परत येताना बसमध्ये पुस्तक पुन्हा उघडलं, आणि गेरासिम वेगळाच दिसायला लागला. तोवर मी त्याच्याकडे 'चांगला माणूस' म्हणून बघत होते. आता प्रश्न पडला: गेरासिम खरं बोलतो ते स्वभावानं, की त्याच्या कामामुळे?

एक गोष्ट लक्षात ठेवा. घरचा हा प्रसंग माझ्या निबंधात एका शब्दानंही आलेला नाही. आयुष्यातून प्रश्न येऊ शकतो. पुरावा मात्र पुस्तकातूनच द्यावा लागतो. 'माझ्या आजीच्या बाबतीत असं झालं, म्हणून टॉलस्टॉयचंही तसंच म्हणणं आहे' असं लिहिलंत की खेळ खलास.

पायरी चार: दाव्याच्या आवृत्त्या

दावा एका बैठकीत येत नाही. माझ्या आवृत्त्या वाचून दाखवते.

पहिली: गेरासिम दयाळू आहे. रद्द, का ते सांगितलंच.

दुसरी: गेरासिम खरं बोलतो कारण तो साधा खेडूत आहे आणि शहरी लोक ढोंगी आहेत. ही जरा बरी, पण ही मागच्या शंभर वर्षांत हजारोंनी लिहिली असेल. शिवाय ही टॉलस्टॉयचं म्हणणं जसंच्या तसं पुन्हा सांगते.

तिसरी: या गोष्टीत खरेपणा हा स्वभावाचा गुण नाही. जो माणूस आजारी शरीराला हात लावतो त्याला खोटं बोलायची सोय उरत नाही. बायको, मित्र येतात आणि जातात, म्हणून त्यांना खोटं परवडतं.

ही मला फार आवडली. शनिवारी रात्री एक वाजता मी स्वतःवरच खूश होते.

पायरी पाच: स्वतःच्या दाव्याला पाडून बघा

आपण टेस्ट केस लिहितो ते कोड चालतो हे दाखवायला नाही, तो कुठं फुटतो ते शोधायला. दाव्याचंही तसंच. मी पुस्तकात फक्त एकच शोधलं: माझ्या विरुद्ध जाणारा पुरावा.

पहिलाच सापडला. डॉक्टर! डॉक्टरही शरीराला हात लावतो की. वाकतो, ठोकतो, कान लावतो, आणि तरी खोटंच वागतो. उलट टॉलस्टॉय सरळ दाखवतो की इव्हान कोर्टात आरोपींशी जसा वागायचा, तसाच डॉक्टर आता त्याच्याशी वागतोय. तो डॉक्टरला विचारतो की हे जिवावरचं आहे का, तर डॉक्टरच्या लेखी तो प्रश्नच गैरलागू. म्हणजे नुसत्या स्पर्शानं भागत नाही. तिसरी आवृत्ती फुटली.

मग फरक काय? डॉक्टर तपासायला हात लावतो आणि जातो. गेरासिम थांबतो. रात्र काढतो. म्हणून चौथी आवृत्ती: खोटं बोलायला खोलीतून बाहेर पडण्याची सोय लागते. या गोष्टीत जो थांबतो तोच खरं वागू शकतो.

दुसरा पुरावा बाराव्या प्रकरणात. शेवटी इव्हानचा हात शाळकरी मुलाच्या डोक्यावर पडतो, मुलगा तो धरून ओठांना लावतो आणि रडतो. तिथून इव्हानला पहिल्यांदा स्वतःऐवजी घरच्यांची कीव येते. मुलाला पगार नाही, कौशल्य नाही, औषधातलं काही कळत नाही. तो फक्त तिथं आहे. दावा टिकला, उलट घट्ट झाला.

तिसरा आक्षेप मला पूर्ण खोडता आला नाही. गेरासिमच्या मनात आपण जवळपास जातच नाही. तो ताजातवाना, धट्टाकट्टा, हसतमुख दिसतो, पण कुणाला? इव्हानला. ज्याला त्याची गरज आहे त्याला. रात्रभर पाय धरून बसलेल्या माणसाचे खांदे दुखले असतील का, हे गोष्ट विचारत नाही. रशियात भूदासपद्धत १८६१ मध्ये रद्द झाली. गोष्ट घडते १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे गेरासिम भूदास नाही, नोकर आहे. पण मालकानं सांगितल्यावर 'आज जमणार नाही' असं म्हणण्याची मोकळीक त्याला किती होती? मी हे लपवलं नाही. एक अख्खा परिच्छेद दिला. टॉलस्टॉय गेरासिमला थोडा आदर्श बनवतो हे मान्य केलं, आणि लिहिलं की यामुळे माझा दावा मोडत नाही, पण त्याची किंमत दिसते. इव्हानला मिळणारं खरं हे कुणाच्या तरी झोपेतून आलेलं आहे.

नंतर बाईंनी या परिच्छेदाशेजारी एक उभी रेघ मारून 'हे चांगलं' असं लिहिलं होतं. म्हणजे जिथं मी थोडी हरले होते, नेमकं तिथं.

पायरी सहा: अनुवाद सांभाळा

मला रशियन येत नाही. म्हणून एकाच इंग्रजी शब्दावर सगळा डोलारा उभा करायचा नाही, हा नियम केला. महत्त्वाचे चार-पाच उतारे दोन वेगवेगळ्या अनुवादांत शेजारी ठेवून वाचले. दोन्हीकडे जे टिकतं, म्हणजे कोण खोलीत येतं, कोण जातं, कोण काय उचलतं, त्यावरच भर दिला. शब्द बदलतात, कृती सहसा बदलत नाहीत. आणि आवृत्तीप्रमाणे पान नंबर बदलतात, म्हणून पानासोबत प्रकरणाचा नंबरही द्या.

पायरी सात: लिहून झाल्यावर उलटी रूपरेषा

ड्राफ्ट झाला की प्रत्येक परिच्छेदासमोर एका वाक्यात लिहा: हा परिच्छेद काय सिद्ध करतो? 'इव्हानचं लग्न कसं झालं ते सांगतो' असं उत्तर आलं तर तो गोष्ट सांगतोय, कापा. मी अकरातले चार कापले. कुरोसावाचा 'इकिरू' हा १९५२ चा सिनेमा याच गोष्टीवरून सुचलेला आहे, त्यावर माझा एक फार लाडका परिच्छेद होता. दाव्याशी संबंध शून्य. गेला.

नंतर ती सात वाक्यं एकाखाली एक वाचा. क्रम बदलून काहीच फरक पडत नसेल, तर तुमचा युक्तिवाद नाही, यादी आहे.

आणि हो, एआय

तुम्ही विचारणारच. मीही डेडलाइनच्या आधी एका टूलला विचारलं होतं. गुळगुळीत निबंध मिळाला. वाचायला छान, वाद घालायला काहीच नाही, म्हणजे माझी पहिली आवृत्तीच. शिवाय त्यात गेरासिमच्या तोंडी एक सुंदर वाक्य होतं. ते मी दोन्ही अनुवादांत शोधलं. कुठंच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा: ज्या वाक्यावर स्वतः बोट ठेवून दाखवता येत नाही, ते निबंधात नाही.

शेवट

मार्क बरे मिळाले. तो मुद्दा नाही.

निबंध सबमिट केला त्या रात्री नेहमीसारखा कॉल लावला. आजीनं विचारलं, "दिवाळीला जायचं ना गं देवळात?" तिनं हे पहिल्यांदाच विचारलं होतं. एरवी मीच म्हणायचे. तोंडावर 'हो' आलं होतं. अडीच हजार शब्द लिहून बसले होते ना मी, या एका 'हो'विषयी.

म्हटलं, "नाही जमणार आजी. पण मी शुक्रवारी रात्री येते. मावशींना दोन दिवस सुट्टी देऊ, मी झोपते तुझ्याजवळ."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला पाय चेपता येतात का?"

येत नव्हते. मावशींनी जाण्याआधी शिकवलं. टाचेखाली नाही, टाचेच्या जरा वर घडी घातलेली चादर ठेवायची, म्हणजे टाच टेकत नाही आणि तिथं जखम होत नाही. दाबताना अंगठा नाही, पूर्ण तळहात. रात्री दोन वाजता आजीनं हाक मारली, मग साडेतीनला, मग पाचला. सकाळी माझे खांदे भरून आले होते, आणि निबंधातला तो गेरासिमच्या झोपेचा परिच्छेद आठवला. त्यात अजून दोन वाक्यं घालायला हवी होती. पण सबमिट झाला होता.

तर मंडळी, तुमचा दावा काय आहे ते एका वाक्यात लिहून पाठवा. फक्त एक वाक्य, आणि असं, ज्यावर मला भांडता येईल. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातली काही घेऊन आपण पाडून बघू. भेटूच!